काढता न येणारी गाठ : पळसदरी ते परळ

#इतिहास #धागा

१/
पळसदरी. कर्जतनंतरचे पहिलेच छोटे स्थानक. येथे रूळ दुभंगतात. एक वाट बोरघाट चढून पुण्याकडे जाते, दुसरी खोपोलीला जाऊन थांबते. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि घाटाच्या पायथ्याशी अडली. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली सुरू झाला, तरी मधला घाट तसाच राहिला. प्रवासी खोपोलीस उतरत, पालखीतून, तट्टावरून वा बैलगाडीतून घाट चढत आणि वर पुन्हा गाडी धरत. १८६३ साली घाटातून गाडी धावली. जे अनेकांना अशक्य वाटले होते, ते वाट बदलून साध्य झाले.

२/
हा धागा मात्र दुसऱ्या एका अवघड घाटाविषयी आहे. मेंदूतील काही गाठींविषयी शल्यविशारद पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले : हिला हात लावणे गाठीपेक्षाही घातक ठरेल. पळसदरीहून मुंबईकडे जाणारी लोकल सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर कापून दादर-परळला येते. केईएम आणि टाटा मेमोरियल ही दोन्ही रुग्णालये तेथेच आहेत. कर्जत-खालापूरच्या खोऱ्यातील रुग्णाला हे वाक्य बहुधा परळमध्येच ऐकावे लागले असेल. त्या वाक्याचाही एक इतिहास आहे.

३/
प्रथम अडचण समजून घेऊ. पोटात गाठ वाढली तर पोट फुगते. कवटीला फुगता येत नाही. आत वाढणारी प्रत्येक गोष्ट मेंदूवर दाब आणते. दुसरी अडचण रक्तस्रावाची : मेंदूतील बारीक रक्तवाहिनीही शस्त्रक्रियेत जीव घेऊ शकते. तिसरी सर्वांत कठीण. यकृताचा तुकडा काढला तर उरलेले यकृत त्याचे काम उचलते, परंतु मेंदूत काही मिलिमीटरचे अंतर म्हणजे बोलता येणे आणि न येणे यांतील अंतर असू शकते. गाठ कोठे आहे, हा प्रश्न म्हणूनच ती किती मोठी आहे याहून मोलाचा ठरतो.

४/
२५ नोव्हेंबर १८८४, लंडन. पंचवीस वर्षांच्या एका शेतकऱ्याला झटके येत होते, हात दुबळा होत चालला होता. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून अकरा वर्षे होती. डॉ. ह्यूज बेनेट यांनी केवळ लक्षणांवरून गाठीची जागा सांगितली आणि रिकमन गॉडली यांनी तेथेच कवटी उघडली. अक्रोडाएवढी गाठ नेमकी तेथे सापडली. ती निघाली. परंतु जंतुसंसर्ग झाला आणि २८ व्या दिवशी रुग्ण दगावला. त्यापूर्वी १८७९ साली ग्लासगो येथे विल्यम मॅकएवन यांनी मेंदूच्या आवरणावरील गाठ यशस्वीपणे काढली होती. गाठ शोधता येते, काढताही येते, आणि तरीही माणूस वाचेलच असे नाही : या शास्त्राचा आरंभच असा आहे.

५/
पुढची झुंज रक्तस्रावाशी होती. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी १९११ साली रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या चांदीच्या बारीक क्लिपा वापरात आणल्या. १ ऑक्टोबर १९२६ रोजी त्यांनी विल्यम बोवी यांचे विद्युत-उपकरण शस्त्रक्रियेत वापरले. रक्तस्राव फार झाल्याने पूर्वी अर्धवट सोडून द्यावी लागलेली गाठ या उपकरणाने काढता आली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. रुग्ण तोच, शल्यविशारद तोच, गाठ तीच. बदलले होते ते हातातील साधन. १९३१ पर्यंत कुशिंग यांच्या खात्यावर दोन हजार सिद्ध गाठींच्या नोंदी जमा झाल्या. मृत्यूंचे प्रमाणही त्यांनी न लपवता छापले.

६/
साधनांना मर्यादा असतात, याचा सर्वांत हृद्य पुरावा कॅनडातला आहे. १९२८ साली वाइल्डर पेनफिल्ड यांच्या सख्ख्या बहिणीच्या, रूथच्या, मेंदूत गाठ आढळली. माँट्रियल येथे शस्त्रक्रिया त्यांनी स्वतःच केली. मेंदूच्या उजव्या पुढच्या भागाचा मोठा हिस्सा काढला, तरी सगळी गाठ निघू शकली नाही. रूथ शुद्धीवर आली, घरी परतली, मुलांत रमली. गाठ पुन्हा वाढल्यावर कुशिंग यांनी दुसरी शस्त्रक्रिया केली. १९३१ साली ती गेली. पेनफिल्ड यांनी पुढे १९३४ साली माँट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटची उभारणी केली. वाचलेल्या त्या दोन-अडीच वर्षांना काय म्हणावे, यश की अपयश, हा प्रश्न आजही प्रत्येक अशा गाठीपाशी उभा राहतो.

७/
याच माँट्रियलमध्ये शिकलेले डॉ. जेकब चँडी १९४९ साली वेल्लोरला परतले आणि तेथे त्यांनी भारतातील आधुनिक न्यूरोसर्जरीचा पाया घातला. पाठोपाठ मद्रासला डॉ. बी. राममूर्ती उभे राहिले. १९५१ साली न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत डॉ. राम गिंडे, डॉ. होमी दस्तूर यांच्या पिढीने हे काम हाती घेतले. दस्तूर यांचे कार्यक्षेत्र परळचे केईएम होते. १९२६ साली सुरू झालेले हे महापालिकेचे रुग्णालय भारतीय डॉक्टरांनीच चालवावे, या आग्रहातून जन्मले होते.

८/
मुंबईच्या डॉक्टरांपुढे असा एक पेच होता, जो लंडन-बोस्टनच्या पुस्तकांत फारसा नव्हता. येथे मेंदूत सापडलेली प्रत्येक गाठ ट्यूमर नसे. कित्येक गाठी क्षयाच्या असत. त्यांना ट्युबरक्युलोमा म्हणतात. लक्षणे सारखीच : डोकेदुखी, उलट्या, झटके, मंद होत जाणारी दृष्टी. १९६५ साली होमी दस्तूर आणि ए. डी. देसाई यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. क्षयाच्या गाठी आणि ग्लायोमा, प्रत्येकी १०७ रुग्णांच्या नोंदी त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या.

९/
हा अभ्यास का महत्त्वाचा? ग्लायोमा म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून उगवणारी, मेंदूत मुरत जाणारी गाठ. क्षयाच्या गाठीवर मात्र स्ट्रेप्टोमायसिन, आयसोनायझिड ही औषधे १९५० च्या दशकात हाती आली होती. म्हणजे खोलवरची एखादी गाठ ‘काढता न येणारी’ असली, तरी ती क्षयाची असेल तर रुग्णाला आशा होती. स्कॅन आल्यावर तर औषधांनी अशा गाठी विरघळताना दिसू लागल्या. मुंबईत ‘काढता येईल का’ याच्या आधी ‘काढायची गरज आहे का’ हा प्रश्न विचारावा लागे. एका गरीब शहराच्या रोगाने येथील डॉक्टरांना हा धडा दिला.

१०/
त्या काळी गाठ दिसत नसे, तिची सावली दिसे. वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र घेण्याची युक्ती काढली. पोकळी सरकलेली दिसली की गाठ कोणत्या बाजूस आहे याचा अंदाज येई. १९२७ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांचे चित्र मिळवले. दोन्ही तपासण्या वेदनादायक, क्वचित जिवावर बेतणाऱ्या. शल्यविशारद कवटी उघडत असे तो बराचसा अनुमानाच्या भरवशावर. खोल गाठींना ‘नको’ म्हणण्यामागे भित्रेपणा नव्हता. न दिसणाऱ्या ठिकाणी सुरी चालवण्यास दिलेला तो विचारी नकार होता.

११/
मग दहाएक वर्षांत तीन गोष्टी घडल्या. १९६१ साली डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने गाठीभोवतीची सूज झपाट्याने उतरते, हे दिसून आले. काल गुंगीत असलेला रुग्ण आज बोलू लागे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात झुरिक येथे गाझी याशारगिल यांनी शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक रुळवला. केसाएवढ्या रक्तवाहिन्या वाचवणे शक्य झाले. आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र टिपले. कवटी न उघडता गाठ दिसली. बोवी यांच्या उपकरणाला त्या दिवशी बरोबर ४५ वर्षे पूर्ण होत होती.

१२/
तरीही काही प्रदेश निषिद्धच राहिले. पहिला, ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ. अंगठ्याएवढ्या या भागातून श्वास, हृदयाची गती, शुद्ध, गिळणे यांचे सारे धागे जातात. १९६९ साली डोनाल्ड मॅटसन यांच्या बालशल्यचिकित्सेवरील ग्रंथात येथील गाठी कोणत्याही प्रकारच्या असोत, त्यांच्या जागेमुळेच त्या शस्त्रक्रियेपलीकडच्या मानाव्यात, अशी भूमिका होती. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रेड एप्स्टाइन यांनी दाखवून दिले की या सगळ्या गाठी सारख्या नाहीत. काही मुरलेल्या असतात, त्यांना शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. काही मर्यादित असतात, त्या काढता येतात. एकाच शिक्क्याखाली दोन वेगळे आजार गाडले गेले होते.

१३/
दुसरा निषिद्ध प्रदेश कवटीच्या तळाचा. तेथील गाठी मेंदूच्या खाली, कित्येकदा सौम्य जातीच्या, पण पोहोचायचे कसे? मेंदू उचलून धरावा लागे आणि त्या ताणानेच मेंदू दुखावे. बोरघाटाचा दाखला येथे उपयोगी पडतो. चढ सरळ चढता येईना, तेव्हा अभियंत्यांनी घाटात रिव्हर्सिंग स्टेशन बांधले. गाडी एका टोकाला थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडले जाई आणि उलट दिशेने पुढचा चढ सुरू होई. ही व्यवस्था १९२९ पर्यंत चालली. कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियेनेही वाट बदलली. मेंदू हलवण्याऐवजी तळाचे हाड कोरून काढायचे आणि खालून, बाजूने गाठीपर्यंत जायचे.

१४/
दाखला आणखी एका अर्थाने खरा आहे. तो घाट बांधताना कॉलरा, ताप आणि अपघात यांत असंख्य मजूर मेले, आणि त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. अवघड शस्त्रक्रियांच्या इतिहासातही पहिल्या यशाच्या मागे दगावलेल्या, पंगू झालेल्या रुग्णांची रांग असते. शल्यविशारदांची नावे ग्रंथांत येतात. रुग्ण एक क्रमांक होऊन राहतो. कुशिंग यांनी मृत्यूंचे प्रमाण छापले ते म्हणूनच मोलाचे. ते छापले नसते, तर पुढच्या पिढीला धोका मोजायला मापच मिळाले नसते.

१५/
कवटीच्या तळातील कॅव्हर्नस सायनस ही जागा तर ‘कोणीही पाऊल ठेवू नये’ अशी मानली जाई. मेंदूला रक्त पुरवणारी मुख्य धमनी आणि डोळ्यांच्या हालचालींचे मज्जातंतू तेथे एकाच शिरांच्या पोकळीत गुंफलेले असतात. १९६५ साली कॅनडाचे ड्वाइट पार्किन्सन यांनी त्या जागेत थेट शस्त्रक्रिया केली. १९८० च्या दशकात युगोस्लाव्हियातील ल्युब्लियानाचे विंको डोलेंक यांनी तेथे जाण्याचा पद्धतशीर मार्ग आखला. निषिद्ध जागेचा नकाशा तयार झाला आणि जगभरचे शल्यविशारद तिकडे वळले.

१६/
परळमध्ये याचा पुढचा अध्याय लिहिला गेला. केईएमचे डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूवरील गाठींच्या ७३ शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. २००४ साली पिट्युटरी ग्रंथीच्या ११८ महाकाय गाठींचा. ही ग्रंथी वाटाण्याएवढी असते. महाकाय म्हणजे चार सेंटिमीटरहून मोठी गाठ. दोन्ही गाठी दुर्मीळ. एकाच विभागाकडे इतके रुग्ण असणे ही जागतिक वैद्यकात लक्षणीय गोष्ट होती.

१७/
इतक्या मोठ्या गाठी एका महापालिका रुग्णालयात का जमल्या? उत्तराचा एक भाग शल्यकौशल्यात आहे, दुसरा समाजात. पिट्युटरीची गाठ सावकाश वाढते आणि दृष्टीच्या कडा खाते. माणूस आधी चष्मा बदलतो. मग डोकेदुखीच्या गोळ्या. मग अंगारा, नवस. स्कॅन तालुक्याला नसतो, शहरात जायचे तर मजुरी बुडते. परळला पोहोचेपर्यंत वाटाण्याचे लिंबू झालेले असते. ‘फार धोक्याची गाठ’ यातला किती धोका गाठीचा आणि किती उशिराचा, हे वेगळे करून पाहावे लागते. मोठी गाठ हा पुष्कळदा दारिद्र्याचा आणि अंतराचा दाखला असतो.

१८/
येथवर वाचून असे वाटेल की हा इतिहास केवळ पुढेच सरकतो. तसे नाही. कॅव्हर्नस सायनसमधील गाठी मुळापासून काढण्याच्या उत्साहात अनेक रुग्णांचे डोळे फिरेनासे झाले, दृष्टी गेली. १९९० नंतर पाऊल मागे आले. गाठीचा सुरक्षित भाग काढावा, उरलेल्यावर नेमके किरण सोडावेत, ही नीती रुजली. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी मेंदूत सौम्य वा मंद वाढणाऱ्या गाठी असलेल्या २०० मुला-तरुणांवर चाचणी केली. २०१७ साली निष्कर्ष आले : गाठीच्या आकाराबरहुकूम रोखलेल्या किरणांनी नेहमीच्या किरणोपचाराइतकेच नियंत्रण मिळाले आणि बुद्धी व संप्रेरके अधिक सुरक्षित राहिली. थांबणे हेही कौशल्यच ठरले.

१९/
तिसरा निषिद्ध प्रदेश भाषेचा. बोलण्याच्या केंद्रालगतच्या गाठी पूर्वी सोडून दिल्या जात. येथे पेनफिल्ड यांची पद्धत पुन्हा कामी आली : रुग्णाला जागे ठेवून शस्त्रक्रिया. मेंदूला स्वतःला वेदना नसतात. टाळू औषधाने बधिर करतात. शल्यविशारद मेंदूच्या पृष्ठावर सौम्य विद्युतप्रवाह देतो आणि रुग्ण समोरच्या चित्रांची नावे सांगत राहतो. शब्द अडला की ती जागा सोडायची. अशा शस्त्रक्रिया आता टाटा मेमोरियलच्या न्यूरोसर्जरी विभागातही होतात. गाठ किती उरली हे पाहण्यासाठी शस्त्रक्रिया चालू असतानाच अल्ट्रासाउंड वापरण्याचे काम डॉ. अलीअसगर मोईयादी आणि सहकाऱ्यांनी तेथे नेटाने केले आहे.

२०/
चित्राचे नाव कोणत्या भाषेत सांगायचे? १९७८ साली ओजमन आणि व्हिटेकर यांनी दाखवले होते की द्विभाषी माणसाच्या मेंदूत दोन भाषांच्या जागा पूर्णतः एकमेकींवर पडत नाहीत. कर्जत-खालापूरच्या माणसाच्या तोंडी घरी आगरी, ठाकरी वा कातकरी वळणाची बोली असते, बाजारात हिंदी, कागदावर प्रमाण मराठी. पाश्चात्त्य चाचणीतले चित्र त्याने कधी पाहिलेलेच नसेल, तर तो गप्प बसला म्हणजे मेंदू अडला की चित्र अनोळखी, हे कसे ठरवणार? गाठ सुरक्षितपणे काढण्यासाठी डॉक्टरला रुग्णाची बोली ठाऊक असावी लागते. शल्यशास्त्र येथे भाषाशास्त्राच्या दारात येऊन उभे राहते.

२१/
मग धोका स्वीकारायचा की नाही, हे ठरवणार कोण? केईएमचे न्यूरोसर्जन आणि वैद्यकेतिहासाचे अभ्यासक डॉ. सुनील पंड्या यांनी १९९३ साली मुंबईतून वैद्यकीय नीतीला वाहिलेल्या नियतकालिकाचे संपादन सुरू केले. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, त्याचे फायदे, पर्याय आणि धोके पुरेसे समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती. पैशाचे दार २०१२ साली किलकिले झाले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत रायगड होता. पुढे तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले.

२२/
आज रायगड जिल्ह्यातच, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक संस्थेत प्रोटॉन किरणांचे उपचार होतात. तरी सीमा संपलेली नाही. मुलांच्या ब्रेनस्टेममध्ये मुरलेली ग्लायोमा आजही काढता येत नाही आणि निदानानंतर बहुतेक मुले वर्षभरही जगत नाहीत. इतिहास अशा घरांना खोटी आशा देत नाही. तो एवढेच दाखवतो की ‘काढता येणार नाही’ या वाक्याला नेहमी एक तारीख असते, एक ठिकाण असते आणि विशिष्ट हात व साधने असतात. म्हणून ते ऐकल्यावर चार प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे : का काढता येणार नाही? दुसरीकडे कोणी काढते का? काढली तर काय गमवावे लागेल? आणि नाही काढली, तर त्याऐवजी काय करता येईल?

#धागासमाप्त